नौशादरचा वास आणि एका मुलीचा प्रश्न

आमच्या लहानपणी रमजान जवळ आला, किंवा घरात कुणाची शादी ठरली, की मोहल्ल्यात कल्हईवाला बसायचा. घराघरांतून तांब्याच्या देगा आणि पातेली त्याच्यासमोर येऊन पडायची. जमिनीत खड्डा करून तो कोळसा पेटवी आणि भाता मारी. भांडे चांगले तापले की त्यात पांढरी पूड टाकून कापसाच्या बोळ्याने घासायचा आणि मग कथील फिरवायचा. पूड पडताच पांढरा धूर उठे आणि नाकात झणझणीत वास शिरे. आम्ही पोरे तो वास घ्यायला मुद्दाम पुढे सरकायचो. नानी दारातून ओरडायची, "मागे व्हा रे, नौशादर छातीत जाईल!"

घरात तो नौशादर होता आणि शाळेच्या मराठी पुस्तकात नवसागर. पुढे रसायनशास्त्र शिकताना कळले की दोन्ही एकच, अमोनियम क्लोराइड. तापवले की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. थंड हवेत ते पुन्हा एकत्र येतात, तोच पांढरा धूर. जाबिर बिन हय्यान यांच्या नावावर असलेल्या जुन्या अरबी ग्रंथांतही या नौशादरची नोंद आहे.

हाच अमोनिया आपल्याला रोज भेटतो. एसटी स्टँडच्या मुतारीत, कोंबड्यांच्या खुराड्यात, गोठ्यात, तुंबलेल्या गटारावर. लघवीतल्या युरियाचे जंतू विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. आज आम्ही वाचकांना या अमोनियाची एक गोष्ट सांगणार आहोत. ती सांगण्याचे कारण असे, की काही वर्षांपूर्वी वर्गात एका मुलीला आम्ही याच विषयावर चुकीचे उत्तर दिले होते.

वर्गातला तो तास

नववीच्या विज्ञानात नायट्रोजन चक्र आहे. फळ्यावर गोल काढून आम्ही शिकवत होतो. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. काही जंतू तो जमिनीत बांधून ठेवतात. प्राणी आणि वनस्पती मेल्या की त्यांच्यातल्या प्रथिनांपासून अमोनिया बनतो. मग दुसरे जंतू हवेतला ऑक्सिजन वापरून अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि तिसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट. हे नायट्रीकरण. शेवटी जिथे ऑक्सिजन नाही तिथे आणखी काही जंतू नायट्रेटपासून पुन्हा नायट्रोजन वायू बनवतात, तो हवेत परत जातो. झाला गोल पूर्ण.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी फार न बोलणारी. म्हणाली, "सर, आमच्या विहिरीच्या तळाला काळा गाळ आहे. तिथे हवा पोचत नाही. मग तिथल्या अमोनियाचं काय होतं?"

आम्ही म्हणालो, "काही होत नाही. हवा नाही तर नायट्रीकरण नाही. अमोनिया तसाच पडून राहतो."

"कायमचा, सर?"

"कायमचा. पुस्तकात नीट बघ."

दोन-चार मुले हसली. ती बसली. दहावी होईपर्यंत तिने आमच्या तासाला पुन्हा हात वर केल्याचे आम्हाला आठवत नाही.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की मुलांच्या प्रश्नाला "माहीत नाही, शोधून सांगतो" असे उत्तर देण्यात शिक्षकाचा कमीपणा नसतो. आम्ही परीक्षेत ते लिहिलेही होते. वर्गात मात्र विसरलो. नंतर एका पुस्तकात या विषयावरचे प्रकरण वाचताना ध्यानात आले, की आम्ही ते उत्तर दिले त्याच्या कितीतरी आधी, १९९५ सालीच, त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर छापून आले होते. हवा नसतानाही अमोनिया संपतो. तो संपवणारे जंतू आहेत.

जो जंतू असायला हवा होता

आपण रोजच्या बोलण्यात ऑक्सिडीकरण म्हणजे ऑक्सिजनशी संयोग समजतो. लोखंड गंजते, लाकूड जळते, ही त्याची उदाहरणे. पण रसायनशास्त्रातला अर्थ जास्त व्यापक आहे. एखाद्या पदार्थाने आपले इलेक्ट्रॉन दुसऱ्याला दिले, की त्याचे ऑक्सिडीकरण झाले. ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉन घेणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक खरा, पण एकटा नव्हे. बाजारात तो नसेल तेव्हा माल दुसराही कुणी उचलू शकतो.

ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे एंगेलबर्ट ब्रोडा नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७७ साली कागदावर हिशेब मांडला. अमोनियाने इलेक्ट्रॉन दिले आणि नायट्राइट किंवा नायट्रेटने ते घेतले, तर ऊर्जा सुटते का? उत्तर आले, भरपूर सुटते. जिथे ऊर्जा मिळते तिथे निसर्गात कुणी ना कुणी तिच्यावर जगत असतो. मग हा जंतू कुठे आहे? ब्रोडांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच लिहिले, की अशा दोन प्रकारचे जीव निसर्गात 'हरवलेले' आहेत. त्यांतला एक हा होता. तो कुणी पाहिलेला नव्हता.

समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही एक गोष्ट खटकत होती. ऑक्सिजन नसलेल्या खोल पाण्यात जेवढा अमोनिया साठायला हवा तेवढा सापडत नव्हता. रिचर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच ही तूट दाखवून दिली होती. पण तो जातो कुठे, हे कळत नव्हते.

कारखान्यातला न जुळणारा हिशेब

उत्तर सापडले हॉलंडमध्ये, डेल्फ्ट गावच्या एका कारखान्यात. गिस्ट-ब्रोकेड्स ही कंपनी पाव फुगवायचे यीस्ट बनवी. कारखान्याच्या सांडपाण्यातला नायट्रेट काढण्यासाठी तिथे एक बंद टाकी चालवली जात होती, हवा न देता. १९८० च्या दशकात तिथले आर्नोल्ड मुल्डर यांच्या लक्षात आले, की टाकीतला नायट्रेट कमी होतोय, ते ठीक. पण अमोनियाही कमी होतोय. तो व्हायला नको होता. आत हवा नव्हती. अमोनिया नाहीसा होत होता तसतसा नायट्रोजन वायू जास्त येत होता.

किराणा दुकानदार रात्री गल्ला मोजतो तेव्हा पैसे कमी पडले तर वहीतली चूक शोधतो. मुल्डर यांची वही बरोबर होती. हे काम डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गाइस क्यूनन यांच्या प्रयोगशाळेकडे गेले. तिथे पहिला प्रश्न होता, हे काम जंतूंचे की नुसत्या रसायनांचे? टाकीतला गाळ उष्णतेने निर्जंतुक केला, किंवा त्यावर गॅमा किरण सोडले, की अमोनिया कमी होणे थांबे. म्हणजे कुणीतरी जिवंत ते करत होते.

दुसरा प्रश्न, बाहेर पडणारा नायट्रोजन आला कुठून? इथे त्यांनी सुंदर युक्ती वापरली. नायट्रोजनचा साधा अणू १४ वजनाचा असतो. त्याचा थोडा जड भाऊही निसर्गात असतो, १५ वजनाचा. अमोनियात त्यांनी जड नायट्रोजन घातला आणि नायट्रेटमध्ये साधा ठेवला. नायट्रोजन वायूच्या रेणूत दोन अणू असतात. बाहेर आलेल्या ज्या रेणूंत जड नायट्रोजन होता, त्यांतले जवळजवळ सगळे एक जड आणि एक साधा अशा जोडीचे निघाले. एक अणू अमोनियाकडून, एक समोरच्या पक्षाकडून. जसे निकाहनाम्यावर दोन्हीकडच्या सह्या असाव्यात, तसा हा पुरावा होता.

हे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला त्यांना वाटले होते की समोरचा पक्ष नायट्रेट आहे. पुढच्या प्रयोगांत दिसले की खरा साथीदार नायट्राइट आहे. त्यांनी आपले म्हणणे दुरुस्त केले. या प्रक्रियेला 'ॲनॅमॉक्स' असे नाव पडले. हवेविना अमोनियमचे ऑक्सिडीकरण, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप आहे.

अकरा दिवसांत एकाचे दोन

आता तो जंतू पकडायचा होता. पण हा मोठा सावकाश प्राणी निघाला. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू चांगले खायला मिळाले तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. डेल्फ्टच्या टाकीतल्या जंतूला एकाचे दोन व्हायला सुमारे अकरा दिवस लागत. नेहमीच्या काचेच्या ताटलीत त्याला एकटे वाढवणे जमेना. शेवटी मार्क श्ट्राउस आणि मायक येटन यांच्या चमूने गाळ एका दाट द्रवात वेगाने फिरवून पेशी त्यांच्या घनतेनुसार वेगळ्या केल्या. दही घुसळून लोणी वर काढावे तसे. शेकडो पेशींमागे एखादीच परकी उरली, इतके ते शुद्ध होते. १९९९ मध्ये या जंतूची ओळख जाहीर झाली. कारखान्याची आठवण म्हणून नाव ठेवले ब्रोकेडिया, आणि त्याच्या आधी 'कॅन्डिडेटस' म्हणजे 'उमेदवार' हा शब्द. पूर्णपणे एकटा वाढवून दाखवता आला नाही, तोवर जंतूचे नाव पक्के होत नाही, असा शास्त्राचा दस्तूर आहे.

या जंतूच्या पेशीच्या आत पडद्याने वेगळी केलेली एक खोली असते. तिथे हे काम चालते. आधी नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनते. त्याचा अमोनियाशी संयोग होऊन हायड्राझीन तयार होते. मग हायड्राझीन फोडून नायट्रोजन वायू सोडला जातो आणि त्यात मिळालेल्या ऊर्जेवर जंतू जगतो.

हायड्राझीन हे नाव वाचून विज्ञानाचे विद्यार्थी चमकतील. ते अतिशय विषारी असते आणि रॉकेटच्या इंधनात वापरतात. आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात याच कुळातले इंधन जळते. डोळ्यांना न दिसणारा जंतू ते आपल्या पोटात बनवतो आणि पचवतो.

त्या आतल्या खोलीचा पडदाही जगावेगळा आहे. त्याच्या चरबीच्या रेणूंत कार्बनचे चौकोन एकाला एक जोडून शिडी केलेली असते. २००२ साली हा शोध लागला, तेव्हा अंदाज बांधला गेला की विषारी हायड्राझीन बाहेर गळू नये म्हणून हा घट्ट पडदा असावा. अनेक पुस्तकांत तसे छापलेही गेले. २०१८ साली अशा चरबीचे पडदे प्रयोगशाळेत तयार करून तपासले, तर हायड्राझीन त्यातून सहज पार होत होते. अडवले जात होते ते प्रोटॉन, ज्यांच्या साठ्यावर पेशीचे ऊर्जेचे काम चालते. पुन्हा एक अंदाज बदलावा लागला.

याचा आपल्याला उपयोग काय?

घरात हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे.

अमोनिया नदी-तलावात गेला तर मासे मरतात, थोडासाही पुरतो. त्याचा नायट्रेट होऊन विहिरीत उतरला तर तेही बरे नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावा. जास्त झाला तर बाटलीच्या दुधात असे पाणी वापरल्याने तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने तो दाट होतो. ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे आणि विहीर किंवा बोअर शौचखड्ड्याजवळ आहे, त्यांनी पाणी एकदा तपासून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

म्हणून शहराच्या सांडपाण्यातून नायट्रोजन काढावा लागतो. जुनी पद्धत अशी. मोठमोठ्या ब्लोअरने रात्रंदिवस हवा मारायची, म्हणजे जंतू अमोनियाचे नायट्रेट करतील. मग हवा बंद करून दुसऱ्या जंतूंना मिथेनॉलसारखे खाद्य विकत आणून घालायचे, म्हणजे ते नायट्रेटचा वायू करतील. विजेचे बिलही मोठे आणि खाद्याचा खर्चही.

ॲनॅमॉक्सने ही वाट जवळची होते. सगळ्या अमोनियाला हवा द्यायची गरज नाही. साधारण निम्म्याचे नायट्राइट करायचे आणि तिथेच थांबायचे. उरलेला अमोनिया आणि हा नायट्राइट यांची जोडी लावून ॲनॅमॉक्स जंतू दोघांचा वायू करतात. ऑक्सिजनची गरज सुमारे ६० टक्क्यांनी कमी होते. मिथेनॉल लागतच नाही, कारण हे जंतू शरीर बांधायला पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतात. पण काम शंभर टक्के होत नाही हेही सांगितले पाहिजे. थोडा नायट्राइट नायट्रेट होऊन मागे राहतो.

अशी पहिली मोठी टाकी २००२ साली डेल्फ्टजवळच रॉटरडॅमच्या डोकहावन केंद्रात बांधली गेली. टाकी ७० घनमीटरची, म्हणजे आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या सात टँकरएवढी. दोन वर्षांत सुरू होईल असे वाटले होते, साडेतीन वर्षे लागली. अकरा दिवसांत एकाचे दोन होणाऱ्या जंतूला घाई करता येत नाही. पण एकदा बस्तान बसल्यावर टाकी उत्तम चालली. हे जंतू लालसर कणांचे गोळे करून राहतात. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हीमसारखाच लोहयुक्त पदार्थ त्यांच्यातही असतो. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगात अशी शंभराहून अधिक केंद्रे झाली. गाळ कुजवल्यावर निघणारे गरम आणि अमोनियाने भरलेले पाणी त्यांना चांगले मानवते. थंड आणि पातळ सांडपाण्यात मात्र अजून अडचणी आहेत.

समुद्रातल्या तुटीचाही उलगडा झाला. २००३ मध्ये काळ्या समुद्रात आणि कोस्टा रिकाच्या एका आखातात, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात हे काम चालू असल्याचे आढळले. रिचर्ड्स यांना न सापडलेल्या अमोनियाचा पत्ता तिथे लागला.

हा विषय कोकणच्या किनाऱ्यालाही येऊन भिडतो. आपल्या अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पाण्याचा अफाट थर आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थरावर वर्षानुवर्षे काम केले आहे. त्या थरातून नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, हे पक्के आहे. त्यात ॲनॅमॉक्सचा वाटा किती आणि जुन्या विनायट्रीकरणाचा किती, यावर वाद झाला. २००९ मधल्या एका अभ्यासात अरबी समुद्रात विनायट्रीकरणच वरचढ दिसले, तर इतर काही समुद्रांत ॲनॅमॉक्स पुढे आहे. म्हणजे एका समुद्राचे उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाही.

राहिलेले उत्तर

मागच्या ईदला ती मुलगी तिच्या अम्मीबरोबर आमच्या घरी आली होती. आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. शीरखुर्म्याच्या वाट्या समोर होत्या. आम्ही तिला म्हणालो, "बेटा, नववीत तू एक प्रश्न विचारला होतास. विहिरीच्या गाळातल्या अमोनियाचा. आम्ही तुला चुकीचं सांगितलं होतं."

ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "आठवतं सर."

आम्ही तिला डेल्फ्टची टाकी, जड नायट्रोजन, शिडीची चरबी, सगळे सांगितले. तिची अम्मी आधी विहिरीच्या पाण्याबद्दल काळजीत पडली. तिला पाणी तपासून घ्यायला सांगितले.

मुलीने वाटी खाली ठेवली. "मग सर, आमच्या विहिरीच्या गाळात पण असतील का ते जंतू?"

हॉलंडपासून कोस्टा रिकापर्यंत ते सापडले आहेत, गाळात आणि समुद्रात. तेव्हा "असणारच" असे शब्द ओठांपर्यंत आले होते. आम्ही ते गिळले आणि म्हणालो, "असू शकतील. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"कसं तपासायचं?"

गाळ हवाबंद बाटलीत भरायचा, त्यात जड नायट्रोजनचा अमोनिया आणि साधा नायट्राइट घालायचा, आणि बाहेर येणारा वायू जोडीचा आहे का ते यंत्रावर बघायचे. ते यंत्र आमच्या शाळेत नाही, तिच्या कॉलेजातही बहुधा नसेल. आम्ही तसे सांगितले. ती म्हणाली, "मी आमच्या मॅडमना विचारते. कुठल्या विद्यापीठात असेल तर."

यंदा नववीला नायट्रोजन चक्र शिकवताना फळ्यावरच्या गोलात आम्ही आणखी एक बाण काढतो. अमोनियापासून थेट नायट्रोजनकडे जाणारा. परीक्षेत तो विचारत नाहीत. तरीही काढतो, आणि मग मागच्या बाकांकडे बघून थोडे थांबतो.